पुढच्या चेनचा सूट

गल्लीत म्हणायचे, टेलरबाईच्या बोटांना डोळे आहेत. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत बाईनं त्याची छाती, कंबर, खांद्याचा उतार सगळं नजरेनंच मापलेलं असायचं. टेप लावायची ती आपली गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. कुणी पोट आत ओढून ऐटीत उभा राहिला की म्हणायची, "श्वास सोडा हो. शर्ट तुम्हालाच घालायचाय, मला फसवून काय पदरात पडणार?" मग तो ओशाळून श्वास सोडायचा आणि बाई खरं माप घ्यायची. बाईचं माप चुकलं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक दार, आणि दारापलीकडे आतली खोली, जिथं तिचा नवरा खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. शिलाईचं मशीन पूर्वी रस्त्याकडे तोंड करून होतं. उजेड थेट कापडावर पडायचा, शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलता यायचे, आणि बोलायची तर बाईला भारी हौस. आता तिनं ते मशीन फिरवून आतल्या दाराकडे तोंड करून ठेवलं होतं. रस्ता पाठीला, उजेड पाठीला आणि स्वतःचीच सावली कापडावर. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, अंधारात डोळे कशाला फोडून घेता?" बाई सांगायची, ऊन येतं डोळ्यांवर. धादांत खोटं. त्या गल्लीत ऊन मुळी यायचंच नाही. शिवता शिवता नवरा नजरेसमोर राहावा, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता.

नवरा बंदरात क्रेन चालवायचा. उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून खालच्या पेट्या अशा अलगद ठेवायचा की अंडं फुटू नये. एक दिवस साखळीचा आकडा सुटला. खाली जो उभा होता तो याचा डबा खाणारा, याला डबा देणारा, अनेक वर्षांचा सोबती. नवरा शिडीवरून धावत उतरताना पडला आणि उजवा खांदा मोडला, पण खाली पोचून त्याला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रीतसर चौकशी झाली, दोष साखळीचा निघाला. पण साखळीची काही झोप उडाली नाही. झोप उडाली ती नवऱ्याची.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एकच वाक्य बोलला. "तो वर असता आणि मी खाली, तर बरं झालं असतं." बाईच्या पायाखालची जमीन सरकली. मनाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, बोलतं करत राहा म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाला, थोडे दिवस जरा लक्ष ठेवा. डॉक्टरचे ते थोडे दिवस बाईनं जन्माचे धरले. रोज दिवेलागणीला सगळ्या कात्र्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली तिच्या गळ्यात. न्हाणीघराची आतली कडीसुद्धा तिनं काढून टाकली. गंजली होती, म्हणाली. नवऱ्यानं कडीच्या जागची चार भोकं बघितली. तो हल्ली काही बोलायचाच नाही. खांद्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दुपारचा बाहेर पडायचा, तेवढंच दारात पुटपुटायचा, "जातो."

"येतो म्हणावं माणसानं," बाई मशीनवरून म्हणायची. तो तसाच निघून जायचा. तो परत येईपर्यंत बाईचा एकही टाका सरळ पडायचा नाही.

तर अशा दिवसांत एकदा फळीवाली दुकानात आली. ही समुद्रावर लोकांना फळीवर उभं राहून लाटांवरून यायला शिकवायची, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलेलं. उन्हानं रापलेली, केस कायम ओले, बोलणं मोकळंढाकळं. थंड पाण्यात घालायचे तिचे रबरी सूट फाटले की दुसरे टेलर हात लावायचे नाहीत. बाई लावायची. पंक्चरवाल्यासारखं आधी सोल्युशन लावायचं, सुकू द्यायचं, मग जाड सुईनं वरवर टाका घालायचा, आरपार नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. बाईला त्या उद्योगाची मजा वाटायची.

फळीवालीनं टेबलावर एक काळा सूट पसरला. त्याला दोन्ही बाजूंनी टाचण्याच टाचण्या. "हा मोठा होतोय. अंगावर चढवूनच टाचण्या लावल्यात, तेवढा आत घे. आणि चेन पाठीवर आहे ना, ती पुढे घे."

"पुढे कशाला? छान मागे आहे की."

"माणूस भिडस्त आहे. मागची चेन लावायला कुणाला सांगत नाही, उघड्या पाठीनं पाण्यात जातो. डाव्या हातानं ओढता येईल अशी कर."

"डावखुरा दिसतोय," बाई म्हणाली आणि तिनं टाचण्यांवरून बोटं फिरवली. मग कुठं तिच्या लक्षात आलं की टाचण्या किती आत लावल्यात. "अगं बाई. हा माणूस आहे की हँगर? छाती आहे कुठं याला? खांद्याचं तर नुसतं हाडूक. घरात कुणी जेवायला घालतं की नाही?"

फळीवाली खिडकीबाहेर बघत राहिली. "घालतात. तो जेवत नाही."

"काही नाही, बायको ढिली असणार. तिला माझा निरोप सांग. म्हणावं, दोन घास जास्त वाढ. नवरा आहे की वाळत घातलेला टॉवेल?"

"सांगते," फळीवाली म्हणाली, आणि एरवी तासभर गप्पा छाटणारी ती मुलगी चहासुद्धा न घेता निघून गेली. बाईला जरा नवल वाटलं. मग तिनं सूट उसवायला घेतला. मध्येच काळा दोरा संपला, म्हणून पुढच्या चेनला तिनं लाल दोरा वापरला. समुद्रात कोण बघतंय, म्हणाली. दोन दिवस तो सूट तिच्या मांडीवर होता. तिनं त्याच्या बाह्यांत हात घातले, छातीवर तळवा फिरवून शिवण बसली की नाही ते पाहिलं, आणि शिवताना दारापलीकडच्या नवऱ्यावर नेहमीसारखी नजर ठेवली.

त्यानंतर घरात काहीतरी बिघडायला लागलं. बिघडायला म्हणजे काय, तर नवरा सुधारायला लागला. एका रात्री त्यानं ताट पुढं केलं आणि म्हणाला, "थोडं अजून वाढ." बाईच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तो रात्रीचा झोपायला लागला, चक्क घोरायला लागला. एकदा दाढी करताना तोंडातल्या तोंडात कसलीशी चाल गुणगुणत होता. दुसरी एखादी असती तर देवाला हात जोडले असते. बाईचा जीव टांगणीला लागला.

कारण तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण समोरच्याच इमारतीत राहायची आणि शहरात बस चालवायची. पायलीचे पन्नास प्रवासी रोज पाठीमागे बडबडत असल्यामुळे तिला जगातलं सगळं ठाऊक असायचं. ती एकदा हळूच म्हणाली, "वहिनी, घाबरवत नाही, पण ऐकलंय असं. मनात एकदा ठरलं ना, की ही माणसं शांत होतात. खातात, पितात, हसतात. दिवा विझायच्या आधी मोठा होतो म्हणतात तसं." बाई रात्रभर नवऱ्याचं घोरणं ऐकत जागी राहिली. सकाळी त्याची पँट धुवायला घेतली तर खिशातून वाळू निघाली. व्यायामाच्या दवाखान्यात वाळू कुठून आली? म्हणजे हा दुपारचा एकटाच समुद्रावर जाऊन बसतो. बसतो आणि पाण्याकडे बघतो. कशासाठी बघतो, ते मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हणवेना.

विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं तर काय करायचं?

पुढच्या व्यायामाच्या दिवशी तो "जातो" म्हणून गेला. बाई कुणाच्या तरी कोटाची कॉलर लावत बसली होती, टेप गळ्यात. फोन वाजला. नणंद शेवटच्या थांब्यावर बस लावून बोलत होती, आणि तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

"वहिनी, दादा कुठंय?"

"व्यायामाला."

"मग आत्ता बसमधून मला समुद्रावर शर्ट काढून घडी घालताना दिसला तो कोण?"

बाईला त्यानंतरचं धड आठवत नाही. दुकान उघडं टाकून ती धावत सुटली, मिळाली त्या टॅक्सीत बसली, आणि ड्रायव्हरनं कुठं जायचं विचारलं तेव्हा तिनं नुसता हात दाखवला. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं आरशात एकदा पाहिलं आणि गाडी हाणली.

वाळूत उतरल्यावर पहिली दिसली ती चप्पल. नवऱ्याची. शेजारी पँट, तिच्यावर शर्ट. शर्टाच्या बाह्या मागे दुमडून कॉलर वर, अशी घडी घालायला तिनंच त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. शर्टाच्या खिशात घड्याळ. माणूस नव्हता. तिनं शर्ट उचलून छातीशी धरला आणि पाण्याकडे पाहिलं. पाणी भलंमोठं होतं आणि त्यात लांबवर काळे ठिपके हलत होते, ती माणसं आहेत की काय हेही तिला समजेना. तिच्या मनात एकच आलं, कात्र्या मी कुलपात ठेवत बसले आणि समुद्राला कुलूप लावायचं राहून गेलं.

ती तशीच पाण्यात शिरली. साडी घोट्यापर्यंत भिजली, मग गुडघ्यापर्यंत.  अशा वेळी माणूस टाहो फोडतो म्हणतात. बाईला काही ते जमलं नाही.

आणि मग समोरून एक फळी आली. फेसाळ लाटेवर, पोटावर पालथा पडलेला एक माणूस घेऊन, सुसाट. तो माणूस हसत होता. साधंसुधं नाही, तोंड उघडं टाकून, लहान पोर घसरगुंडीवरून येताना हसतं तसं. फळी थेट बाईच्या नडगीवर येऊन आपटली, बाई धपकन पाण्यात बसली, आणि तिच्या नाकासमोर एक काळा सूट उभा राहिला. पुढून चेन. चेनीला लाल दोरा. स्वतःचा टाका बाईला अंधारातही ओळखू आला असता.

तिनं आधी सूट ओळखला आणि मग माणूस.

बाई पाण्यात बसल्या बसल्या वर बघत राहिली. ती हाडं, तो टाचण्या लावलेला खांदा, दोन दिवस मांडीवर घेऊन ज्याला ती हँगर म्हणाली होती तो. सगळ्या गल्लीच्या छात्या जिला तोंडपाठ, तिला आपल्या माणसाची छाती हाताखाली असून कळली नाही. डोळ्यांत तेल घालून दिवसरात्र ती ज्याच्याकडे बघत होती, तो तिच्यासमोर निम्मा झाला होता आणि तिनं पाहिलंच नव्हतं. नजर ठेवली होती, पण हात कधी लावला होता? अपघातानंतर त्याला जवळ घेतल्याचं तिला आठवेना. दुखेल, तुटेल, काही होईल, या भीतीनं तिनं त्याला काचेच्या सामानासारखं लांबूनच जपलं होतं.

पण त्याहून मोठा धक्का पुढंच होता. नवऱ्यानं तिला ओळखलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. दिव्याचं बटण बंद करावं तसं गेलं. खिडकीजवळच्या खुर्चीतलं ते रोजचं तोंड परत आलं, आणि तिनं ते येताना पाहिलं. ते तोंड तो तिच्यासाठी घालत होता.

"काय झालं? घरी काय झालं?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय झालं ते बघायला आले," ती म्हणाली आणि मग मात्र तिला रडू कोसळलं.

फळीवाली धावत आली. मागून एक जाडजूड गृहस्थ आणि एक पांढऱ्या केसांची बाई फळ्या ओढत आली, आणि नवराबायकोचं काही आहेसं बघून शहाण्यासारखी पुन्हा पाण्यात गेली. तिघं वाळूत बसली. फळीवालीनं बाईच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि खालमानेनं म्हणाली, "मी सांगणार होते. यांनी शपथ घातली होती. खांद्याच्या डॉक्टरांनीच पाठवलं यांना माझ्याकडे, पाण्यात हात सुटेल म्हणून. हात सुटायला यायचे, मग हाताचं नावच काढेनासे झाले."

"अगं पण माझ्याच टेबलावर आणून टाकलास."

"दुसरं कोण शिवतं?" फळीवाली म्हणाली, आणि खरंच होतं ते.

नवरा फळीवरची वाळू बोटानं काढत होता. म्हणाला, "तुझा निरोप पोचला होता. दोन घास जास्त वाढ म्हणून. तुला कसं सांगायचं ते कळेना, मग मीच मागून घेतले."

बाईला हसावं की रडावं समजेना. त्या दोन घासांनी तिची रात्रीची झोप उडवली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

त्यानं फळी बाजूला सरकवली. मग जे बोलला ते इतकं सलग होतं की बाई ऐकतच राहिली. "रोज तो आकडा सुटताना दिसतो गं मला. जेवताना, अंघोळ करताना. इथं नाही दिसत. लाट आली की लाटेकडंच बघावं लागतं, जरा लक्ष हललं की तोंडात खारं पाणी. आणि इथं दिवसभर नुसती पडापड चालते. मी पडतो, तो जाडा पडतो, म्हातारी पडते. आणि कुणी मरत नाही. पडलं की उठायचं, फळी धरायची, परत जायचं. पहिल्या दिवशी मी पडलो आणि वर आलो, तेव्हा मला खरंच वाटेना."

"तेच मला सांगायचं होतंत. मी काय नको म्हणाले असते?"

"नको नसतीस म्हणाली," नवरा म्हणाला. "काठावर येऊन बसली असतीस."

बाईची चोरी पकडली गेली. कारण गेला पाव तास ती मनात नेमकं तेच ठरवत होती. पुढच्या वेळी डबा घेऊन यायचं, टॉवेल घेऊन यायचं, छत्री लावून इथंच बसायचं. जागासुद्धा हेरून झाली होती.

"घरी मी कप उचलला तरी तू बघतेस," तो खाली बघत बोलत होता. "कुशीवर वळलो तरी तुझा श्वास थांबलेला मला ऐकू येतो. कात्र्यांचं कुलूप, ती कडी. मला राग नाही गं. पण दिवसभर तू माझ्याकडे अशी बघतेस की मलाच वाटायला लागतं, आता माझं काहीतरी होणार. इथं माझ्याकडे कुणी बघत नाही."

 ज्या नजरेनं आपण याला धरून ठेवलंय असं तिला वाटत होतं, ती नजर चुकवायला तो एवढ्या थंड पाण्यात येऊन पडत होता. मग दोघं टॅक्सीनं घरी परतली. वाळू दोघांच्याही पायांना होती.

बरं, आता सगळं कळलं, मन मोकळं झालं, म्हणजे सुरळीत व्हायला हवं होतं की नाही? पण तसं झालं नाही. पुढच्या खेपेला जायची वेळ झाली आणि नवरा खुर्चीतून उठलाच नाही. बाई म्हणाली, "अहो, जायचं नाही का? जा की." तो म्हणाला, "बघू." त्याच्या पुढच्या खेपेलाही बघूच. सूट दांडीवर वाळून कडक झाला. ताटात अन्न राहायला लागलं. रात्री घोरणं बंद झालं, आणि दोघं एकमेकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं जागी राहू लागली. नणंद आली, भावाकडे एक नजर टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "वहिनी, माझी जीभ झडो, मीच फोन केला." तिचा काय दोष? तिचा भाऊ होता तो.

बाई रोज म्हणायची जा, आणि म्हणताना त्याच्याकडे टक लावून बघायची. ते तिला कळत नव्हतं. आजवर ज्याला त्याला त्याचं माप सांगितलं, पण स्वतःच्या गळ्यात टेप असून स्वतःला कधी लावली नव्हती.

शेवटी तिला एक गोष्ट सुचली, म्हणजे काही मोठा विचार करून नाही, हाताला चाळा हवा म्हणून. त्याचे जुने शर्ट अंगावर लोंबत होते, ते तिला आता दिसायला लागले होते. म्हणाली, "उभे राहा जरा. नवा शर्ट शिवते." तो उभा राहिला. तिनं टेप काढली आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या अंगाला हात लावला. खांद्यावरून टेप नेली, पाठीवर तळवा टेकवला. पाठ गरम होती. हाडावर थोडं मांस धरलं होतं, टाचण्यांच्या मापाहून जास्त. मानेवर उन्हाचा पट्टा उठला होता. "हात वर करा," ती म्हणाली, आणि उजवा हात खांद्याच्याही वर गेला, अगदी सहज. दवाखान्यातून आणला तेव्हा तो छातीपर्यंत येत नव्हता. बाईनं टेप छातीभोवती घेतली. बरगड्या ताठ, हलत नव्हत्या.

"श्वास सोडा हो," ती सवयीनं म्हणाली.

"तू सोड आधी," नवरा म्हणाला.

बाईच्या लक्षात आलं, आपण श्वास धरलाय. टेप लावली तेव्हापासून नव्हे. दवाखान्यातलं ते वाक्य ऐकलं तेव्हापासून. तिनं तो सोडला तर तोंडातून केवढा तरी मोठा आवाज निघाला, आणि तिनं त्याचाच दंड धरला. तो हलला नाही. दोघं तशीच थोडा वेळ उभी राहिली.

मग ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मशीनला हात घातला. जुनं लोखंडी धूड, एकटीला हलेना. नवरा दारात येऊन बघत होता. "काय करतेस?" तो म्हणाला. "उजेड येत नाही," ती म्हणाली. "त्या बाजूनं धरा." त्यानं दोन्ही हातांनी धरलं. फरशीवर चार ओरखडे काढत मशीन फिरलं आणि पूर्वीसारखं रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं. बाईनं गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, मोठी कात्री काढून टेबलावर ठेवली आणि किल्ली कुलपातच राहू दिली. खोटं कशाला सांगू, तिला भीती वाटत होती. आजही वाटते. कपाटं उघडी टाकल्यानं भीती जाते असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा करून बघावं.

ती रस्त्याकडे तोंड करून बसली. पाठीमागे आतली खोली. उजेड कापडावर पडला आणि तिला स्वतःचीच शिवण इतकी स्वच्छ दिसली की तिला लाज वाटली, किती दिवस लोकांना वाकडं शिवून दिलं म्हणून. तिनं पायडल दाबलं. मशीनच्या खडखडाटातून पाठीमागचं काही ऐकू येत नव्हतं, आणि मान वळवायची नाही असं तिनं ठरवलं होतं. मानेला रग लागली. समोरून जाणारा पोस्टमन म्हणाला, "काय बाई, दिसलात बऱ्याच दिवसांनी." ती म्हणाली, "इथंच होते की."

मागे काहीतरी खसखसलं. दांडीवरून वाळलेलं रबर ओढल्याचा आवाज. मग चप्पल. मग तो तिच्या शेजारून उंबऱ्यापर्यंत गेला, काखेत सूट, बाहेरच्या उजेडात त्याची पाठ, आणि तिथं थांबला. बाईनं कापडावरची नजर उचलली नाही.

"येतो गं," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली.

तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर तिनं कापडाकडे पाहिलं. शर्टाची बाही उलटी जोडली गेली होती, चक्क आतली बाजू बाहेर. तिनं कात्री घेतली आणि उसवायला बसली.